नेव्हिगेशन बारमधील बटन लपवावे, काढून टाकावे की फिके करावे?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. येथील मोंढ्यातल्या काही आडत दुकानांसाठी आम्ही दोघे मिळून एक मोबाइल ॲप तयार करीत आहोत. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की वजन, भाव, हमाली आणि तोलाई यांची नोंद घेऊन हिशोबपट्टी तयार करणे, एवढेच त्याचे काम आहे. पट्टीच्या स्क्रीनवर वरच्या नेव्हिगेशन बारमध्ये उजवीकडे 'दुरुस्ती', 'छापा' आणि 'पाठवा' अशी तीन बटने आहेत. पट्टी कच्ची असेपर्यंत ती छापता येऊ नये, पक्की झाल्यावर मुनिमाला ती दुरुस्त करता येऊ नये, मालकाला मात्र करता यावी, अशी दुकानदारांची अपेक्षा आहे.

आयफोनची बाजू मी यूआयकिटमध्ये (ॲपलच्या स्क्रीन बनवण्याच्या साधनात) लिहितो आणि माझा सहकारी अँड्रॉइडची बाजू कोटलिन या भाषेत लिहितो. अडचण अशी की साध्या व्ह्यूला (स्क्रीनवर दिसणाऱ्या घटकाला) लपवण्यासाठी 'इजहिडन' हा गुणधर्म पूर्वीपासून आहे, परंतु बारमधील बटनाला तो आयओएस 16 पासूनच मिळाला. आमच्या एका दुकानमालकांकडे आयफोन 7 आहे आणि तो आयओएस 15 च्या पुढे जात नाही. त्यामुळे बटन यादीतून काढून टाकावे, त्याचा रंग पारदर्शक करून ते निष्क्रिय करावे, की बटनाच्या जागी स्वतःचा व्ह्यू ठेवून तो लपवावा, यांपैकी कोणता मार्ग दीर्घकाळ टिकेल, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की बटन मुळात दिसेनासे करावे की फिके करून जागेवर ठेवावे? यावर आमच्या दोघांतच एकमत नाही.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे: यादीतून काढा. 'यूआयबारबटनआयटम' हा व्ह्यू नाहीच. बारने कोणते बटन उभे करावे, त्याचे शीर्षक किंवा चित्र काय असावे आणि दाबल्यावर काय घडावे, याचे ते केवळ वर्णन आहे. प्रत्यक्ष दिसणारा व्ह्यू त्या वर्णनावरून बार स्वतः तयार करतो. म्हणूनच व्ह्यूचे नेहमीचे गुणधर्म त्याला इतकी वर्षे नव्हते. तेव्हा एकेका बटनाला लपवण्यापेक्षा, सध्याच्या स्थितीत कोणती बटने हवीत याची नवी यादी करून ती 'सेटराइटबारबटनआयटम्स' या मेथडला देणे उत्तम. ॲनिमेशन हवे असल्यास तीच मेथड तेही करते. हा मार्ग आयओएस 15 वर आणि नंतरच्या आवृत्त्यांवर सारखाच चालतो, त्यामुळे आवृत्ती तपासण्याची वेगळी अट लिहावी लागत नाही.

तीन गोष्टी सांभाळा. स्टोरीबोर्डमधून (स्क्रीनच्या आराखड्यातून) आणलेला बटनाचा आउटलेट, म्हणजे कोडमधला त्याचा दुवा, 'वीक' (बटनाला धरून न ठेवणारा) असेल, तर बटन यादीतून निघताच त्याला धरून ठेवणारे कोणी उरत नाही. ते मेमरीतून जाते आणि परत दाखवताना हाती 'निल' (काहीच नाही) येते. आउटलेट 'स्ट्राँग' ठेवा. दुसरे, बटने नेहमी त्या स्क्रीनच्या व्ह्यू कंट्रोलरच्या (ती स्क्रीन चालवणाऱ्या घटकाच्या) 'नेव्हिगेशनआयटम'वर लावायची असतात. नेव्हिगेशन कंट्रोलरच्या स्वतःच्या 'नेव्हिगेशनआयटम'वर लावल्यास कोणताही एरर न येता काहीच दिसत नाही, आणि नवशिक्याची संध्याकाळ त्यात जाते. तिसरे, उजव्या यादीतील पहिले बटन सर्वांत उजवीकडे, म्हणजे स्क्रीनच्या कडेला बसते. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून हा क्रम पहिल्यांदा उलटा वाटतो.

तुरीचे_रान (धाराशिव)

पैठणगेट यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. बटन काढले की उरलेली बटने सरकतात आणि कधी कधी मधले शीर्षकही हलते. पारदर्शक रंगाच्या युक्तीत जागा राखलेली राहते आणि स्क्रीन स्थिर दिसते. रंग 'क्लिअर' आणि 'इजएनेबल्ड' असत्य, अशा दोन ओळींत काम होते. आम्ही अनेक ॲप्समध्ये हेच केले असून आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

सिंदफणा (बीड)

तक्रार आली नाही, कारण ज्यांना त्रास होतो ते आपल्या चाचणीत सहसा नसतात. डोळ्यांना न दिसणारे ते बटन व्हॉइसओव्हरला (आयफोनच्या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीला) मात्र 'दिसते'. अंध व्यक्तीने बोट फिरवले की तिथे निष्क्रिय अवस्थेतील 'दुरुस्ती' हे बटन वाचून दाखवले जाते, आणि शेजारी बसलेला डोळस माणूस मात्र तिथे काहीच नसल्याचे सांगतो. दोघांनाही आपलाच गोंधळ होत असल्याचे वाटते.

तिसऱ्या मार्गाबद्दलही सांगते, कारण त्यावर कोणी लिहिलेले नाही. आयओएस 26 मधील काचेसारख्या नव्या रूपात बारमधील बटनांना मागून काचेची पार्श्वभूमी मिळते. बटनाच्या आतला व्ह्यू लपवून बटन तसेच ठेवल्यास तिथे रिकामी जागा उरू शकते. ॲपलच्या मार्गदर्शनातही हेच सांगितले आहे की रिकामे बटन दिसत असेल तर आपण आतला व्ह्यू लपवत आहात का ते पाहा, आणि तसे असल्यास संपूर्ण आयटम लपवा. म्हणजे तो मार्ग आज चालला तरी पुढे दुरुस्तीला येणारच.

तुरीचे_रान (धाराशिव)

व्हॉइसओव्हरचा मुद्दा मान्य आहे. जागा सरकण्याचा मुद्दा मात्र अजून तसाच आहे.

गोदातीर (नांदेड)

अँड्रॉइडची बाजू मांडतो. तिथे 'मेन्यूआयटम'ला 'सेटव्हिजिबल' पहिल्यापासून आहे, त्यामुळे लपवणे सोपे आहे. लोक अडखळतात ते वेळेच्या बाबतीत. 'ऑनक्रिएटऑप्शन्समेन्यू' मेन्यू तयार करताना चालते. स्थिती बदलली म्हणून ते आपोआप पुन्हा चालत नाही. पट्टी पक्की झाली की 'इनव्हॅलिडेटऑप्शन्समेन्यू' बोलवायचे आणि दाखवण्या-लपवण्याचा निर्णय 'ऑनप्रिपेअरऑप्शन्समेन्यू'मध्ये लिहायचा, ही जुनी शिस्त आजही उपयोगी आहे.

फ्रॅगमेंट (स्क्रीनचा स्वतंत्र भाग) वापरत असाल तर 'सेटहॅजऑप्शन्समेन्यू' आता बाद ठरवलेले आहे. त्याऐवजी 'मेन्यूप्रोव्हायडर' वापरा आणि तो जोडताना फ्रॅगमेंटच्या व्ह्यूचा लाइफसायकल ओनर (तो व्ह्यू कधी येतो-जातो हे सांगणारा घटक) अवश्य द्या. तो दिला की फ्रॅगमेंटचा व्ह्यू गेल्यावर त्याची बटनेही निघून जातात. तो दिला नाही आणि प्रोव्हायडर हातानेही काढला नाही, तर मागच्या स्क्रीनची बटने पुढच्या स्क्रीनवर तशीच राहतात आणि पट्ट्यांच्या यादीवर 'छापा' का दिसते हे शोधत बसावे लागते.

'सेटएनेबल्ड' असत्य केल्याने बटन दाबले जात नाही हे खरे, परंतु त्याचे चित्र आपोआप फिके होईलच असे गृहीत धरू नका. चित्राची पारदर्शकता स्वतः बदलावी लागते किंवा स्थितीनुसार बदलणारा रंग द्यावा लागतो.

जागा सरकण्याचा प्रकार अँड्रॉइडवर अधिक त्रासदायक आहे. बटनांना 'इफरूम' दिलेले असेल तर जागा नसलेली बटने तीन टिंबांच्या मेन्यूत जातात. वरचे एक बटन लपवले की तिथे जागा होते आणि आतापर्यंत मेन्यूत असलेले बटन बाहेर येऊन त्या जागी बसते. आपण 'दुरुस्ती' लपवले आणि त्याच ठिकाणी 'रद्द करा' येऊन बसले, तर काय होईल याचा विचार करा. जे बटन चुकून दाबल्यास नुकसान होते, त्याला कायम 'नेव्हर' देऊन मेन्यूतच ठेवावे.

हमालपुरा (परभणी)

मी प्रोग्रामर नाही. भुसार दुकानात हिशोब पाहतो आणि अशी ॲप्स वापरतो. हंगामात काट्यासमोर ट्रॅक्टरची रांग लागलेली असते. एका हातात परखी, दुसऱ्या हातात फोन, आणि समोर हमाल पुढच्या पोत्याचे विचारत उभे असतात. अशा वेळी आम्ही बटनावरचे शब्द वाचत नाही, अंगठा सवयीने त्या जागी जातो. तेव्हा बटन असो वा नसो, उरलेली बटने जागची हलवू नका, एवढीच विनंती आहे. चित्र कितीही सुंदर असले तरी ते आम्ही पाहत नाही.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

हमालपुरा यांच्या प्रतिसादानंतर माझ्या मतात एक भर घालतो. ज्या बटनाची जागा बदलू नये ते यादीत पहिले ठेवा. ते स्क्रीनच्या उजव्या कडेला चिकटून राहते आणि त्याच्या डावीकडची बटने आली किंवा गेली तरी हलत नाही. मांजराकाठ यांच्या बाबतीत 'पाठवा' सर्वांत उजवीकडे, त्यानंतर 'छापा' आणि सर्वांत आत, म्हणजे शीर्षकाच्या बाजूला 'दुरुस्ती' असा क्रम लावल्यास 'दुरुस्ती' निघून गेल्यावर उरलेल्या दोहोंना धक्का लागत नाही. पारदर्शक रंगाची युक्ती न वापरता स्थिरता मिळते. तुरीचे_रान यांचा आक्षेप योग्य होता, फक्त उपाय क्रमात आहे.

नवा_कोडकर (जालना)

मी अजून शिकत आहे, म्हणून एक शंका विचारतो. हे सगळे फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनची ॲप्स करण्याच्या साधनात) लिहिले असते तर दोन्ही बाजूंचा प्रश्न एकदमच सुटला नसता का? तिथे ॲपबारच्या 'ॲक्शन्स' यादीतच 'इफ' (अट) लिहिता येतो.

दुधना (जालना)

प्रत्येक धाग्यावर कोणीतरी फ्लटरचे नाव काढणार याची मी वाटच पाहत होतो. तो मान आमच्या जिल्ह्याने पटकावला, याबद्दल अभिनंदन. भर हंगामात मोंढा सुरू असताना दुकानच दुसऱ्या गाळ्यात हलवा असे सांगण्यासारखे ते आहे.

तरीही माहिती म्हणून सांगतो. यादीच्या आत 'इफ' लिहिण्याची सोय फ्लटरच्या डार्ट या भाषेच्या 2.3 या आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून आहे आणि ती खरोखर सुटसुटीत आहे. जागा राखून लपवायचे असेल तर 'व्हिजिबिलिटी' विजेटला 'मेंटेनसाइज' देता येते. रिॲक्ट नेव्हिगेशनमध्ये 'सेटऑप्शन्स' वापरून 'हेडरराइट' बदलतात. ॲपलच्या स्विफ्टयूआयमध्ये 'टूलबार'च्या आत अट लिहायची असते, पण इथे आयओएस 15 चा प्रश्न पुन्हा येतो. 'टूलबारआयटम'च्या बाहेर 'इफ' लिहिण्याची मुभा आयओएस 16 पासून आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांसाठी अट त्या आयटमच्या आत लिहावी लागते. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजमध्ये 'टॉपॲपबार'च्या 'ॲक्शन्स' भागात साधा 'इफ' चालतो. या सर्व पद्धतींत तत्त्व एकच आहे: बटन लपवा अशी आज्ञा द्यायची नाही, या स्थितीत बारवर काय असते ते सांगायचे. पैठणगेट यांनी यूआयकिटमध्ये नवी यादी करण्याचे सुचवले, ते याच विचाराने आहे.

नवा_कोडकर (जालना)

दुधना दादा, समजले. फ्लटरचा प्रस्ताव मागे घेतो, निदान सोयाबीन संपेपर्यंत.

करपरा (हिंगोली)

चर्चा दिसण्या-न दिसण्यावर चालली आहे, पण मांजराकाठ यांच्या मूळ प्रश्नात 'मुनिमाला दुरुस्त करता येऊ नये' असे आहे. बटन लपवल्याने ही अट पूर्ण होत नाही. दुरुस्ती शेवटी सर्व्हरकडे जाणाऱ्या एका विनंतीने होते. मुनिमाच्या फोनवर ॲपची जुनी आवृत्ती असेल, किंवा पट्टी मालकाच्या फोनवरून पक्की झाली आणि मुनिमाची स्क्रीन अजून ताजी झाली नसेल, तर बटन तिथे दिसतच राहणार. तेव्हा ही विनंती करणारा कोण आहे आणि पट्टी कोणत्या अवस्थेत आहे, हे सर्व्हरने प्रत्येक वेळी तपासलेच पाहिजे आणि नकार देताना कारण पाठवले पाहिजे. बारवरील बटन ही वापरणाऱ्यासाठी केलेली सोय आहे, कुलूप सर्व्हरवरच असते.

त्याचबरोबर ॲपमध्ये अधिकार ठरवणारी अट दहा ठिकाणी विखरू देऊ नका. पट्टीची अवस्था आणि वापरणाऱ्याची भूमिका घेऊन बटनांची यादी परत करणारे एकच फंक्शन लिहा. स्क्रीन उघडताना, सर्व्हरचे उत्तर आल्यावर आणि अवस्था बदलल्यावर तेच बोलवा. यूआयकिटमध्ये ते मुख्य थ्रेडवरच (स्क्रीन हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यावरच) चालले पाहिजे, कारण सर्व्हरचे उत्तर बहुधा दुसऱ्या थ्रेडवर येते आणि तिथून बारला हात लावल्यास काय होईल याचा भरवसा नसतो.

सिंदफणा (बीड)

करपरा यांच्या मुद्द्याला जोडून दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण तो मागे पडला. महिला बचत गटांच्या हिशोबाच्या एका ॲपची चाचणी मी जवळून पाहिली आहे. तिथे 'जतन करा' हे वरचे बटन सर्व रकाने भरेपर्यंत फिके ठेवले होते. कोणता रकाना राहिला हे कोठेही सांगितलेले नव्हते. भगिनी ते फिके बटन दाबत राहायच्या, फोन बिघडला असे समजून तो बंद करून पुन्हा सुरू करायच्या, आणि भरलेली माहितीही त्यात जायची. त्यानंतर बटन सदैव सक्रिय ठेवले आणि दाबल्यावर राहिलेल्या रकान्यापाशी नेऊन 'येथे रक्कम लिहा' असे सांगण्याची सोय केली. हा बदल कोड म्हणून किरकोळ होता, पण त्यानंतर त्या ॲपबद्दल विचारणारे निम्मे फोन यायचे बंद झाले असे तेथील कार्यकर्त्या सांगतात.

म्हणून माझे मत असे आहे. जी कृती त्या व्यक्तीच्या अधिकारात कधीच येणार नाही, तिचे बटन दाखवूच नये. मुनिमाला जे कधीच करता येणार नाही, ते रोज फिक्या अक्षरांत दाखवणे म्हणजे त्याला उगाच खिजवणे आहे. याउलट जी कृती आज ना उद्या, दोन पायऱ्यांनंतर करता येणार आहे, तिचे बटन जागेवर असावे आणि ते का चालत नाही हे दाबल्यावर कळावे. कच्च्या पट्टीवरचे 'छापा' या दुसऱ्या प्रकारात येते.

तुरीचे_रान (धाराशिव)

मग पक्क्या पट्टीवरचे मुनिमाचे 'दुरुस्ती' कोणत्या प्रकारात येते? कच्च्या पट्टीवर ते त्याच्याच अधिकारात होते. पाच मिनिटांपूर्वी असलेले बटन अचानक गेले तर तोही फोन बंद करून सुरू करील.

हमालपुरा (परभणी)

तसे होणार नाही. पट्टी पक्की झाली म्हणजे विषय संपला, हे मुनिमाला ॲपने शिकवावे लागत नाही. पक्क्या कागदावर खाडाखोड करीत नाहीत, हे तो पहिल्या हंगामातच शिकलेला असतो. बटन गेले याचे त्याला आश्चर्य वाटणार नाही, राहिले तर वाटेल. मात्र स्क्रीनवर 'पक्की' हा शब्द ठळक दिसला पाहिजे, म्हणजे बटन का गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.

लेंडीकाठ (नांदेड)

मागे जाण्याच्या बटनाबद्दल कोणीच लिहिले नाही. पट्टी ब्लूटूथ प्रिंटरवर छापली जात असताना कोणी स्क्रीन सोडून जाऊ नये म्हणून ते लपवणे योग्य आहे का?

गोदातीर (नांदेड)

अँड्रॉइडवर तरी त्याचा उपयोग नाही. वरच्या बारमधला बाण काढला तरी फोनची स्वतःची मागे जाण्याची सोय शिल्लक राहते, आणि अँड्रॉइड 10 पासून तर कडेवरून बोट सरकवले तरी माणूस मागे जातो. ते अडवायचे असेल तर 'ऑनबॅकप्रेस्डडिस्पॅचर'वर कॉलबॅक (त्या वेळी चालणारे फंक्शन) लावावा लागतो. त्यापेक्षा छपाईचे काम स्क्रीनच्या आयुष्यावर अवलंबून न ठेवणे चांगले. स्क्रीन बंद झाली तरी कागद बाहेर यायला हवा.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

आयफोनवर वेगळाच परिणाम होतो. 'सेटहाइड्सबॅकबटन' वापरून मागचे बटन लपवले, किंवा डावीकडे स्वतःचे बटन लावून ते बदलले, की कडेवरून बोट सरकवून मागे जाण्याची सोयही त्याबरोबर सामान्यतः बंद पडते. छपाईच्या वेळी हे हवेसे असेल, परंतु केवळ बाणाचे चित्र बदलण्यासाठी लोक हे करतात आणि वापरणाऱ्यांची सवय मोडते. डावीकडे आणखी एक बटन हवे असल्यास 'लेफ्टआयटम्ससप्लिमेंटबॅकबटन' सत्य करा, म्हणजे मूळ बटनही राहते आणि नवेही येते. मागे जाणे अडवण्याच्या बाबतीत मी गोदातीर यांच्या बाजूने आहे. माणसाला स्क्रीनवर कोंडून ठेवण्याची वेळ आली, तर काम चुकीच्या ठिकाणी लिहिले आहे असे समजावे.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही पुढीलप्रमाणे करीत आहोत. दोन्ही बाजूंना पट्टीची अवस्था आणि भूमिका यांवरून यादी देणारे एकच फंक्शन असेल. 'पाठवा' कडेला, मग 'छापा', आत 'दुरुस्ती' असा क्रम राहील. पक्क्या पट्टीवर मुनिमासाठी 'दुरुस्ती' यादीतून निघेल आणि शीर्षकाखाली 'पक्की' असे दिसेल. कच्च्या पट्टीवर 'छापा' सक्रिय राहील व दाबल्यास पट्टी आधी पक्की करण्यास सांगेल. सर्व्हरवरील तपासणी माझ्या सहकाऱ्याने कालच लिहायला घेतली.

एक शंका उरते. मोंढ्याच्या पत्र्याच्या गोदामांत नेटवर्क वारंवार जाते. तेवढ्या वेळापुरते 'पाठवा' लपवावे का? आणि पाठवणे सुरू असताना कोणी पुन्हा दाबले तर काय करावे?

करपरा (हिंगोली)

नेटवर्कसाठी बटन कधीही लपवू नका. ते गोदामाच्या दारातून आत-बाहेर करताना दर मिनिटाला दिसेल आणि नाहीसे होईल. पट्टी फोनमध्ये साठवून रांगेत लावा आणि 'नेटवर्क आल्यावर जाईल' असे सांगा. प्रत्येक पट्टीला फोनवरच एक स्वतंत्र क्रमांक द्या, म्हणजे तीच पट्टी दोनदा पोहोचली तरी सर्व्हर ती एकदाच नोंदवील. दोनदा दाबण्याची भीती त्यानेच निम्मी जाते.

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

उरलेल्या निम्म्यासाठी, पाठवणे सुरू असताना यादीत 'पाठवा'च्या जागी फिरते चक्र असलेले दुसरे बार बटन द्या. 'यूआयॲक्टिव्हिटीइंडिकेटरव्ह्यू' हा बार बटनाचा स्वतंत्र व्ह्यू म्हणून देता येतो. त्याची रुंदी मूळ बटनाइतकी ठेवा, म्हणजे 'छापा' जागेवरून हलणार नाही आणि हमालपुरा आमच्यावर रागावणार नाहीत.

हमालपुरा (परभणी)

रागावणार नाही. पण ते चक्र फार वेळ फिरत राहिले तर नक्की रागावेन, त्यालाही काही मुदत घाला.